पाटी आणि मामंजींची वही

फुगलेलं पुस्तक कपाटातून निघत नाही, हे मला २०१९ च्या ऑगस्टपर्यंत माहीत नव्हतं. ओढलं की पुठ्ठा हातात येतो आणि पुस्तक आतच राहतं. खालचे तीन कप्पे इतके गच्च बसले होते की शेवटी ह्यांनी पहार आणून कपाटाची बाजूची फळी उचकटली. तेव्हा सगळी पुस्तकं एकमेकांना धरून, भिंत सरकावी तशी बाहेर आली.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, तळमजल्यावर, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. पुराचा अंदाज आम्ही जुन्या पुरावरून घ्यायचो. २००५ ला पाणी दारातल्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि तिथूनच मागं फिरलं होतं. त्यामुळे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं इशाऱ्याचे ३९ फूट ओलांडले, मग धोक्याचे ४३ ओलांडले, तरी आम्ही निवांत. खबरदारी म्हणून गाद्या पलंगावर, डाळ-तांदूळ ओट्यावर आणि सगळ्यात खालची पुस्तकं एक कप्पा वर. एक कप्पा! आता हसू येतं. त्या रात्री नाल्याचं पाणी उलटं फिरलं, आणि सासूबाई, औषधांची पिशवी आणि घराची कागदपत्रं एवढंच घेऊन आम्ही नणंदेकडे राजारामपुरीला गेलो. त्या वेळी पातळी ५५ फुटांच्या वर गेली. आम्ही परत आलो ते सहाव्या दिवशी.

पुस्तकं मामंजींची. ते हायस्कूलला मराठी शिकवायचे आणि पहिल्या पगारापासून पुस्तकं घेत आले होते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत तारीख, गाव आणि किंमत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघर दाखवायच्या आधी मामंजींनी मला हे कपाट दाखवलं होतं. ते गेले आणि पुसायला, उन्हं दाखवायला, डांबरगोळ्या ठेवायला कपाट माझ्याकडे आलं.

पुस्तकं वाळवणं हे पापड वाळवण्यापेक्षा अवघड काम आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली पुस्तकं पहिल्या दिवशीच सोडून द्यावी लागली. त्या कागदावर जो चकचकीत थर असतो तो भिजला की चिकट होतो आणि वाळताना पानाला पान धरून ठेवतो. हातात राहते ती वीट. साधा, खरखरीत कागद त्या मानानं सोशिक. वेडावाकडा होतो, पण सुटतो. पानांत वर्तमानपत्रं घातली, बदलली, पुन्हा घातली. पातळ पुस्तकं दोरीवर चिमटे लावून टांगली. पंखा लावावा तर वीज नाही. दोन-तीन दिवसांतच हिरवी-काळी बुरशी धरायला लागली आणि घरभर तो वास, चिखलाचा आणि खळीचा मिळून, जो आजही मला एखाद्या बंद खोलीत अचानक येतो. शेवटी चाळीसेक पुस्तकं वाचली. बाकीची रद्दीवाल्यानंही घेतली नाहीत. "वल्ला कागद काय करू काकू?" म्हणाला. खरंच होतं. गल्लीत गाद्यांचे ढीग पडले होते, त्यावरच ती गेली.

एक गोष्ट मात्र कोरडी राहिली. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर मामंजींची उधारीची वही होती. उधारी म्हणजे पुस्तकांची. कोणाला दिलं, कुठलं दिलं, कधी दिलं, कधी परत आलं, असे चार रकाने. चौथा रकाना बराचसा मोकळाच. जास्त वर्षं झाली की मामंजी नावापुढं लाल शाईत प्रश्नचिन्ह काढायचे. ह्या वहीवरून सासूबाई त्यांना आयुष्यभर बोलल्या असतील: पुस्तक आणि पोरगी एकदा दिली की गेली म्हणायचं, हिशेब कसला ठेवताय!

पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांनी समोरच्या अपार्टमेंटमधले आबा जिना उतरून आले. हातात पिशवी. त्यात सात पुस्तकं. "गुरुजींची हायती. लई दिवस झालं, द्यायची ऱ्हाऊन गेलती." सातातल्या चारांपुढं वहीत प्रश्नचिन्ह होतं. मग बातमी फिरली असावी. मामंजींचा एक जुना विद्यार्थी गारगोटीहून एसटीनं दोन पुस्तकं घेऊन आला. नणंदेच्या कपाटात पाच निघाली, आणि त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. दिवाळीपर्यंत सव्वीस पुस्तकं आली. जपून ठेवलेली बुडाली आणि ज्यांच्यावर मामंजींनी लाल शाई खर्च केली ती सुकी राहिली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ह्या वेळी शहाणपणा होता, म्हणून पुस्तकं आधीच पोत्यांत भरून राजारामपुरीला धाडली. पण रिक्षात पोती चढवताना माझा खांदा गेला तो गेलाच. वर्षभर उजवा हात डोक्याच्या वर जाईना. जाड पुस्तक धरून वाचणं बंद झालं, आणि डोळ्यांची तर आधीपासून रड होतीच. बारीक टायपातली जुनी पुस्तकं ट्यूबलाइटखाली नेऊनसुद्धा लागेनात.

तेव्हा पुतणीनं ई-रीडरचा विषय काढला. ती इंजिनीअरिंगला आहे. "मी येतो की काकू शनिवारी, लावून देतो सगळं." (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडच्या मुली 'येतो, जातो'च म्हणतात, शुद्धलेखन तपासू नये.) तिनं फोनवर जाहिरात दाखवली. पावणेसात इंचांचा पडदा, दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, हजारो पुस्तकं मावतात. "आणि पाण्यात पडलं तरी काय होत नाही. दोन मीटर खोल, एक तास."

"आमच्याकडं पाणी पाच दिवस होतं," मी म्हटलं.

तेरा-चौदा हजार ऐकून ह्यांनी हिशेब मांडला, एवढ्यात किती पुस्तकं येतील. मी विचारलं, ठेवणार कुठं? त्यावर ते गप्प बसले. दिवाळीनंतर यंत्र घरी आलं. सासूबाईंनी हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि नाव ठेवून टाकलं: पाटी. तेव्हापासून आमच्या घरात ती पाटीच.

सुरुवातीचे दोन महिने मी तिच्यावर रागावूनच होते. मला पुस्तकातली जागा आठवते ती नजरेनं. अमुक वाक्य डाव्या पानावर, खालून चौथी ओळ, वर चहाचा डाग. पाटीवर डावं-उजवं काही नाही. अक्षर एक घर मोठं केलं की सगळ्या ओळी सरकतात आणि काल जिथं होतं तिथं आज ते वाक्य नसतं. पानाचा आकडाही बहुतेक वेळा नाही, टक्के. 'सदतीस टक्के झालं' हे काय कादंबरीबद्दल बोलणं झालं? आणि गोष्ट संपत आलीय हे बोटांना कळत नाही. कागदाच्या पुस्तकात उजव्या हातातली जाडी कमी होत जाते तशी आपली तयारी होत असते. पाटीवर एका रहस्यकथेचा शेवट माझ्या अंगावर आला, कारण शेवटचे बारा टक्के दुसऱ्याच पुस्तकाची जाहिरात होती.

पण खांद्यानं मला तिथं टिकवून ठेवलं. डाव्या कुशीवर पडून, एका हातानं, पांघरुणाबाहेर फक्त अंगठा काढून वाचता येतं ही सोय किती मोठी आहे ते ज्याचा खांदा दुखतो त्याला विचारा. आणि अक्षर! एका पानावर पंधरा ओळी मावतील एवढं मोठं अक्षर केलं, चष्मा बाजूला ठेवला आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसले. पुराच्या आधीही कित्येक वर्षं मी असं वाचलं नव्हतं.

फोनवर वाचताना डोळे चुरचुरतात आणि हिच्यावर का नाही, हे पुतणीनं समजावलं ते मला पटलं. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, त्यांचे विद्युतभार एकमेकांच्या उलट. एका दिशेनं विजेचा झटका दिला की पांढरे वर येतात, उलट दिला की काळे. कण एकदा जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी हलत नाहीत. म्हणजे पान उलटतानाच काय ती वीज लागते. आतला दिवाही फोनसारखा मागून डोळ्यांवर येत नाही, कडेनं पानावर पडतो. सासूबाईंना मात्र हे कधीच पटलं नाही. पाटी मिटवून ठेवली तरी तिच्यावर चित्र दिसत राहतं, ते बघून त्या रोज म्हणायच्या, "अगं बंद कर ते, बिल यील."

पुढच्या पावसाळ्यात सलग दोन रात्री वीज नव्हती. इन्व्हर्टर सकाळीच मान टाकून बसलेला, सगळ्यांचे फोन बंद. पाटी पंधरा दिवसांपूर्वी चार्ज केलेली. त्या उजेडात मी वाचत होते आणि सासूबाई बाहेरच्या पावसाचा अंदाज घेत होत्या. "काय वाचायलीस, मोठ्यानं तरी वाच," म्हणाल्या. मग दोन रात्री आम्ही तिघांनी एकच कादंबरी ऐकली. ह्यांनी मध्येच दोनदा बंधाऱ्याची पातळी विचारली तेवढंच.

आता मराठी पुस्तकांचं. हा भाग सविस्तर सांगायला हवा, कारण दुकानात कोणी सांगत नाही. अमेरिकेत किंडल, म्हणजे ॲमेझॉन कंपनीचं असं वाचायचं यंत्र, आलं २००७ ला, पण त्यावर मराठी पुस्तकं रीतसर यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. त्यानंतर नवी, गाजलेली, सतत खपणारी पुस्तकं बऱ्यापैकी आली. मी मात्र शोधत होते मामंजींची. त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर बुडालेल्या पुस्तकांची यादी मी आठवून आठवून केली होती, दोनशे बारा नावं. विकत मिळाली त्यातली अडतीस.

बाकीच्यांसाठी स्कॅन. जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्ह ह्या संकेतस्थळावर पुष्कळ आहेत, पण पान मोठं आणि पाटी लहान. अख्खं पान बसवलं तर अक्षर मुंगीएवढं, मोठं करावं तर एकेक ओळ डावीकडून उजवीकडे ढकलत वाचायची. स्कॅनमधली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर करणारी सोय असते, तीही करून बघितली. 'ख'चा हटकून 'रव' होतो. पहिल्याच पानावर नायिका 'रवरं' बोलत होती आणि नायक 'रवूप' दु:खी होता. चार पानं हसत वाचली, पाचव्या पानाला कंटाळले.

त्याहून विचित्र प्रकार ओळखीच्या एका डीटीपीवाल्यानं दिलेल्या फाइलचा. त्याच्या संगणकावर सुरेख मराठी दिसत होतं. पाटीवर उघडलं तर इंग्रजी अक्षरांवर टोप्या, ठिपके आणि शेपट्या. पुतणीनं कारण सांगितलं: युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत, रुळायच्या आधी आपली पुस्तकं ज्या फॉन्टमध्ये जुळवली जायची, त्यात 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसायचा. आत एखादं रोमन चिन्ह आणि वरून त्याला मराठीचा अंगरखा. छापून आलं की कोणाला कळायचं नाही. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथं अंगरखा गळून पडतो. काही दशकांची मराठी पुस्तकं अशी संगणकात असूनही नसल्यासारखी पडली आहेत. बदलून देणारी साधनं आहेत, आणि कॅलिबर नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून मी त्या फाइलीचं नीट पुस्तक केलंही. पण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हातानं तपासत बसावी लागली. तीन आठवडे गेले. मामंजींनी शाबासकी दिली असती, असं आपलं मला वाटतं.

हक्कांचं गणितही ह्याच निमित्तानं कळलं. आपल्याकडे लेखक गेल्यावर, त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात. हरि नारायण आपटे १९१९ ला गेले, त्यांचं लेखन कधीच सगळ्यांचं झालं. आमच्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांची पुस्तकं विकतच घ्यायची. घ्यावीत की, त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. माझं दुखणं मधल्या लेखकांचं आहे. साठ वर्षं झालेली नाहीत, प्रकाशक बंद पडला, वारस कोण आणि कुठं आहेत ठाऊक नाही. अशी पुस्तकं कोणी छापत नाही आणि कोणी पाटीवरही आणत नाही. आमच्या दोनशे बारातली निम्मी ह्याच वाटेवरची.

दिवाळी अंकांची कथा थोडक्यात सांगते. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, तेव्हापासून अंकाचं पान मोठंच. ते पावणेसात इंचात बसत नाही. दिवाळी अंक मी कागदावरच घेते, विषय संपला.

दसऱ्याला सासूबाईंनी पाटीपूजनात पाटी मांडली. त्यांच्या दृष्टीनं त्यात गैर काहीच नव्हतं, पाटी ती पाटी. मी पोहोचले तेव्हा झेंडूचं फूल वाहून झालं होतं आणि कुंकवाचं बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर होतं. झाकण मिटवून ते कुंकू झाकणावर घेतलं. अजून आहे. श्रावणातली पोथीही मी पाटीवर मोठ्या अक्षरात घालून दिली, पण ती त्यांनी वाचली नाही. आंघोळ करून सोवळ्यानं हातात घ्यायची वस्तू रात्री माझ्या उशाशी असते, हे त्यांना चालेना. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं.

माझी स्वतःची कुरकूर निराळीच आहे. पाटीवर आपण पुस्तक विकत घेतो असं वाटतं, प्रत्यक्षात मिळते ती वाचायची परवानगी. २००९ साली अमेरिकेत किंडलवर काही वाचकांनी विकत घेतलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती कंपनीनं परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडं हक्क नव्हते असं निघालं, पैसे परत केले, पुढं माफीही मागितली. पण घरात न येता कपाटातलं पुस्तक नेता येतं हे त्या दिवशी लोकांना कळलं. आणि दुसरं म्हणजे द्यायचं कसं? माझ्याकडे आज अडीचशेच्या वर पुस्तकं आहेत आणि त्यातलं एकही मी कोणाला पिशवीत घालून देऊ शकत नाही. मामंजींच्या वहीत तीन वर्षं एकही नवीन नोंद झाली नव्हती.

गेल्या जुलैत आबा जिना उतरून आले. वय एक्क्याऐंशी, काठी घेऊन. "काय वाचायलाय वहिनी सध्या?" मी नाव सांगितलं. "द्या की झाल्यावर." मी म्हटलं, पुस्तक नाही आबा, पाटीवर आहे. त्यांनी हात पुढं केला. "मग ती द्या."

मी घुटमळले. सगळंच्या सगळं कपाट एका माणसाच्या हातात द्यायचं म्हणजे... पण सव्वीसमधली सात त्यांचीच होती. कसं उघडायचं, पान कसं उलटायचं, अक्षर कसं मोठं करायचं, दाखवलं. त्यांनी अक्षर इतकं मोठं केलं की पानावर सहा ओळी उरल्या. "आता कसं, देवळातल्या पाटीगत दिसतंय," म्हणाले आणि घेऊन गेले.

चार दिवस म्हटलं होतं. वाचायला काही नाही म्हणून मी आठव्या दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात गेले. १८५० सालचं ग्रंथालय आहे, आणि मी तिकडं सात-आठ वर्षांत फिरकले नव्हते. वर्गणी भरली, एक जाडजूड आत्मचरित्र घेतलं, आणि ते मांडीवर उशी ठेवून त्यावर टेकवून वाचते आहे. खांदा कुरकुरतो, पण चालतंय.

वही काढून नोंद केली आहे. नाव, आबा. पुस्तक, पाटी. दिल्याची तारीख, १४ जुलै. चौथा रकाना मोकळा आहे. काल त्यांचा नातू आला होता, मला वाटलं परत द्यायला आला. तो चार्जर मागायला आला होता.